सही माझी, गळा तिचा

दस्तगीर सतारमेकर भर अकरा वाजता दुकान सोडून माझ्या दारात आला, तेव्हाच काहीतरी वेगळं घडलंय हे माझ्या लक्षात आलं. केसांत लाकडाचा भुसा तसाच होता आणि चपला घालायलाही तो विसरला होता.

"गार्डसाहेब, वहिनी घरात आहेत का?"

"आहे ना. बोलावू?"

"नको, नको. तुम्हीच जरा बाहेर या."

समोरच्या करंजाच्या सावलीत उभं राहून त्यानं मला जे सांगितलं, ते ऐकून मला आधी हसू आलं आणि मग घाम फुटला. पण ते सांगण्याआधी आम्ही कोण, हे सांगायला हवं.

मी मधुसूदन तारळेकर. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालो. रेल्वेनं आमच्या हुद्द्याचं नाव मध्येच बदलून 'ट्रेन मॅनेजर' केलं, पण मिरजेत मी अजून गार्डसाहेबच आहे. माझी बायको हेमलता पाटबंधारे खात्यात टायपिस्ट होती, छत्तीस वर्षं. ऑफिस सुटलं की ती गायची. मिरजेच्या हौशी संगीत नाटक मंडळीत तिनं बावीस वर्षं नायिकेची पदं म्हटली, आणि त्या बावीसही वर्षं विंगेत तंबोरा लावून बसायचा तो हा दस्तगीर. त्याच्या घरात सतार-तंबोरे बनवायचं काम पणजोबांपासून चालत आलंय.

२०२९ साली हेमाच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं. जीव वाचला, आवाज गेला. तेव्हापासून ती गळ्यातल्या एका छिद्रातून श्वास घेते. त्यावर सुती कापडाचा छोटा रुमाल बांधते. बोलायचं असेल तर हातातल्या पाटीवर बोटानं लिहिते.

तुम्ही म्हणाल, या २०३८ सालात पाटी कशाला? फोनला सांगितलं की तो कुणाच्याही आवाजात बोलतो, गातोसुद्धा. आम्ही तोही प्रयोग केला. जुन्या कॅसेटवरून फोननं तिचा आवाज हुबेहूब तयार करून दिला. आठवडाभर वापरून तिनं तो बंद केला आणि पाटीवर लिहिलं, "मी टाइप करायचं आणि यानं गायचं. मग मी कोण? टायपिस्ट. ती नोकरी छत्तीस वर्षं केली."

तर, करंजाखाली दस्तगीर सांगत होता. सांगली रस्त्यावर जीवशिल्प केंद्र म्हणून एक नवी संस्था निघाली होती. तिथल्या एका बाईंनी त्याला बारा भोपळ्यांची ऑर्डर दिली होती. तंबोऱ्याला लावतात तसलेच भोपळे, पण लहान, आणि आतली पोकळी माणसाच्या घशासारखी कोरलेली. त्याला वाटलं, असेल काहीतरी नवीन वाद्य. काल तो ते बसवायला गेला होता.

"त्यांनी सात नंबरचं चालू केलं, गार्डसाहेब. बाईचा आवाज आला. शब्द नाहीत, नुसता आकार. तरणाताठा आवाज. मी स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊन तसाच उभा राहिलो. तो वहिनींचा आवाज आहे."

"रेकॉर्डिंग असेल कुठलंतरी."

"बावीस वर्षं त्यांच्या मागं बसलोय मी. मध्यमावरून पंचमावर चढताना त्यांच्या आवाजाला एक बारीक रेघ यायची. काचेवर नख ओढल्यासारखी, पण गोड. ती रेघ तिथं आहे. आणि ते रेकॉर्डिंग नाही. आत मांस आहे. जिवंत. थरथरताना मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय." त्यानं आवाज खाली आणला. "खाली चिठ्ठी होती. स्त्री, वय एकोणसाठ, मिरज, दोन हजार एकोणतीस."

आमच्या मागे टाळी वाजली. हेमा कधीपासून दारात उभी होती कोण जाणे. तिनं पाटी आमच्यापुढे धरली. तिच्यावर एकच शब्द होता.

"चला."

केंद्रात आम्हाला भेटली ती डॉ. मृण्मयी डफळापूरकर. बत्तीस-तेहतीस वर्षांची, बारीक केस कापलेली, ॲप्रनवर लाखेचे डाग. पुण्यात पेशीशास्त्र शिकून तिनं डॉक्टरेट केली होती आणि मग बडोद्याला जाऊन शिल्पकला शिकली होती. हे दोन्ही एकत्र करणारी देशातली ती तिसरी की चौथी. आम्ही कोण हे दस्तगीरनं सांगितल्यावर ती एवढी गडबडली की तिनं हेमाला बसायला दिलेली खुर्ची स्वतःच पुन्हा उचलली आणि दुसरीकडे नेऊन ठेवली.

मग तिनं समजावून सांगितलं. मला कळलं ते असं. आपल्या गळ्यात स्वररज्जू म्हणतात ते काही दोर नसतात. दोन मऊ पट्ट्या असतात, बोटाच्या नखाएवढ्या. फुप्फुसातली हवा खालून आली की त्या एकमेकींवर आपटतात, सेकंदाला दोनशे-तीनशे वेळा. त्यातून निघणारा आवाज नुसता चिरका असतो, पेटीतली पितळी पट्टी बाहेर काढून फुंकल्यासारखा. त्याला माणसाचा आवाज करतात ते घसा, तोंड, जीभ आणि ओठ.

हेमाच्या काढलेल्या स्वरयंत्राची एक बाजू निरोगी होती. तिथल्या पेशी कुणीतरी शून्याखाली एकशे ऐंशी अंशांवर गोठवून ठेवल्या होत्या. मृण्मयीनं त्या जाग्या केल्या, तपासून घेतल्या आणि हेमाच्या गळ्याच्या जुन्या स्कॅनवरून हुबेहूब त्याच आकाराची जाळी बनवून तिच्यावर वाढवल्या. पोषक द्रवात, अंगाइतक्याच उबेत. पण नुसत्या वाढवून भागत नाही. रोज ठरावीक वेळ थरथरवल्या नाहीत तर त्या पट्ट्या चामड्यासारख्या निबर होतात.

"म्हणजे रियाज," दस्तगीर म्हणाला.

"रियाजच," मृण्मयी म्हणाली. "आणि त्यांना रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे सत्तरेक दिवस टिकतात. मग त्याच साठ्यातून दुसरी जोडी वाढवायची. पेशी नव्यानं वाढलेल्या असतात, म्हणून आवाज तरुण लागतो."

अशा बारा माणसांचे बारा गळे तिनं एका ओळीत मांडले होते. भोपळ्याचं अंग, काचेची मान, खाली हवेचा पंप, आणि सूर ठरवणारा संगणक. कलाकृतीचं नाव 'बारा कंठ'. अडीच महिन्यांनी पुण्यात प्रदर्शन होतं.

"माझा प्रश्न असा आहे," ती म्हणाली, आणि ते बोलताना तिचे डोळे चमकत होते, "की गाणारा माणूस नसताना गाणं उरतं का?"

हेमानं सात नंबरकडे बोट दाखवलं. मृण्मयीनं कळ दाबली.

तो आवाज मी कसा सांगू? मी हेमाला पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. तोंड उघडलं तर बांध फुटेल म्हणून मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो. दस्तगीर मान खाली घालून उभा होता. हेमा मात्र शेवटपर्यंत टक लावून ऐकत होती. सूर थांबल्यावर तिनं पाटीवर लिहिलं, "पंचम उतरलाय."

मृण्मयी दचकलीच. मग हेमानं दुसरी ओळ लिहिली. "माझ्या पेशी तुम्हाला दिल्या कुणी?"

मृण्मयीनं कागद काढून दाखवला. 'शस्त्रक्रियेत काढलेला भाग शिक्षण, संशोधन व तत्सम कार्यासाठी वापरण्यास संमती.' खाली नातेवाइकाची सही. म. वि. तारळेकर.

ती सही मी केली होती. हेमाला आत नेल्यावर एक नर्स आणखी तीन-चार कागद घेऊन आली होती. त्या वेळी कुणी मला माझ्याच मृत्युपत्रावर सही करायला सांगितलं असतं तरी मी केली असती. एक अक्षरही वाचलं नव्हतं.

आमच्या घरात नऊ वर्षं तशी शांतता होती, पण ती भरलेली असायची. एक टाळी म्हणजे इकडे या, दोन म्हणजे चहा, तीन म्हणजे आता पुरे करा. त्या दिवसापासून टाळ्या बंद झाल्या. पाटी कपाटात गेली. हेमा स्वयंपाक करायची, वाढायची, आणि माझ्याकडे न बघता उठून जायची. मी दोनदा बोलायचा प्रयत्न केला. "अगं, त्या वेळी मला काय कळत होतं?" ती खिडकी पुसत राहिली.

चौथ्या दिवशी सकाळी मी तिच्यासमोर खुर्ची ओढून बसलो.

"चुकलं माझं," मी म्हणालो. "घाई होती, भीती होती, हे सगळं खरं. पण नंतर नऊ वर्षं होती. एकदाही मी तुला सांगितलं नाही की मी कशाकशावर सह्या केल्या. मलाच आठवायचं नव्हतं."

चार दिवसांत पहिल्यांदा तिनं माझ्याकडे बघितलं. मग उठून पाटी घेऊन आली.

"गळा माझा आणि सही तुमची. राग त्याचा नाही," तिनं लिहिलं. ते पुसून पुन्हा लिहिलं. "राग याचा की त्या खोलीत तो आवाज ऐकून तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. माझ्याकडे नाही."

मी नुसता तिचा हात धरला. थोड्या वेळानं तिनं तो सोडवून घेतला आणि दोन टाळ्या वाजवल्या. मी चहा ठेवायला उठलो.

दुसऱ्या दिवशी ती स्वतःच केंद्रात गेली. म्हणाली, म्हणजे लिहिलं, "तो पंचम मी उतरलेला ठेवणार नाही."

मग हे रोजचंच झालं. सकाळी दहाला हेमा, दस्तगीर आणि मी केंद्रात. मृण्मयीला आधी हे संकटच वाटलं, पण चार दिवसांत तीच दारात वाट बघायला लागली. हेमा ऐकायची, बोटानं वर-खाली दाखवायची. दस्तगीर पट्ट्यांचा ताण कमी-जास्त करायचा. त्यानं त्यासाठी एक छोटी खुंटीच बनवली होती. संगणकानं ठरवलेले सूर हेमाला पसंत पडायचे नाहीत. "हे गणित आहे, गाणं नाही," असं तिनं लिहिलं, आणि मृण्मयीनं ते वाक्य पुसू दिलं नाही. पाटीचा फोटो काढून भिंतीवर लावला.

एका सकाळी दस्तगीर खुंटी पिळता पिळता थांबला. हेमाच्या गळ्यावरचा रुमाल श्वासाबरोबर हलत होता, त्याकडे तो बघत राहिला.

"मॅडम," तो मृण्मयीला म्हणाला, "हवा तर वहिनींच्या गळ्यातनं बाहेर येतीच आहे. मग पंप कशाला पायजे?"

कुणाला काही कळेना. त्यानं टेबलावरची रबरी नळी उचलली. "या टोकानं वहिनींचा श्वास आत. मध्ये या पट्ट्या. आणि दुसऱ्या टोकाची नळी वहिनींच्या तोंडात, कोपऱ्यात. जीभ आहे, ओठ आहेत, दात आहेत. पट्टी नव्हती तेवढी. ती इथं आहे."

मृण्मयी खाली बसली. "तसली उपकरणं असतात," ती हळूच म्हणाली. "रबराची पट्टी घातलेली. पण जिवंत पट्टी..." तिच्या डोळ्यांपुढे ते सगळं उभं राहत होतं, आणि त्याचबरोबर दुसरंही काही. "नाही, मावशी. जंतुसंसर्गाचा धोका आहे. परवानगी लागेल. आणि खरं सांगू? मग ही माझी कलाकृती राहणार नाही. तो अवयव होईल. चार वर्षं मी यावर काम केलंय. गाणारा नसताना गाणं उरतं का, हाच तर सगळा..."

हेमानं पाटी तिच्यासमोर ठेवली. "गाणारा समोर बसलाय."

मृण्मयी ते वाचून उठली आणि बाहेर निघून गेली. व्हरांड्यात फेऱ्या मारताना ती आम्हाला काचेतून दिसत होती. पंधरा मिनिटांनी परत आली तेव्हा तिचं नाक लाल होतं.

"दोन आठवडे द्या मला," ती म्हणाली. "केंद्राच्या समितीला विचारते. झडप बसवावी लागेल, गाळणी बसवावी लागेल, श्वास उलटा जाता कामा नये. सतारमेकर, तुम्ही मला मदत करणार आहात. सुटका नाही तुमची."

"मी कुठं पळतोय," दस्तगीर म्हणाला.

समितीनं तीन बैठका घेतल्या आणि हो म्हटलं. तोवर दस्तगीरनं मुठीएवढ्या भोपळ्याचं एक सुबक घर बनवलं होतं, आत ऊब राहील असं अस्तर लावलेलं. गळ्यावर धरायला मऊ वाटी, तोंडात धरायला बारीक नळी, आणि अंगठ्याखाली एक दांडी. दांडी दाबली की पट्ट्या ताणल्या जायच्या, सूर चढायचा. सतारीवर मींड काढतात तसं. छत्तीस वर्षं टंकलेखन केलेल्या बोटांना ते काही अवघड नव्हतं.

पहिल्या दिवशी आम्ही चौघंच होतो. हेमानं वाटी गळ्यावर धरली, नळी तोंडात घेतली, डोळे मिटले आणि श्वास सोडला.

म्हशीचं रेडकू ओरडावं तसा आवाज आला.

मृण्मयीचा चेहरा पडला. दस्तगीर "ताण जास्त झाला, ताण जास्त झाला" म्हणत पुढे आला. आणि हेमाला हसू फुटलं. गेली नऊ वर्षं ती हसायची ती नुसती खांदे हलवून. पण आता श्वास पट्ट्यांवरून जात होता. तिचं हसू खोलीभर वाजलं. मोठ्यानं, मोकळं, मधूनमधून चिरकत, आणि त्याला शेवटी ती तिची हुंकारासारखी उचकी, जी मी विसरूनही गेलो होतो. स्वतःचं हसणं ऐकून ती क्षणभर थबकली आणि मग आणखीच हसायला लागली. मृण्मयी हसत होती आणि रडत होती. दस्तगीर भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

या वेळी मी हेमाकडेच बघत होतो.

"अहो," ती म्हणाली. शब्द बोबडा होता, नळीमुळे ओठ नीट मिटत नव्हते. "असे काय बघताय?"

आवाज चोवीस वर्षांच्या मुलीचा. मी अडुसष्ट वर्षांच्या बायकोसमोर बसलेला बहात्तर वर्षांचा म्हातारा, आणि मुलगी बघायला गेल्यासारखा मला घाम आला.

पुढचा महिना आमच्या गल्लीला जड गेला. मृण्मयीनं रोज तीन तास तो कंठ घरी न्यायची परवानगी दिली होती. सकाळी पलटे, संध्याकाळी पदं. सुरुवातीला शेजारची कुत्री साथ द्यायची. हळूहळू सूर जागेवर यायला लागले. पण गाणं जुनं राहिलं नव्हतं. नळीमुळे काही अक्षरं नीट उमटायची नाहीत, म्हणून हेमानं तानाच वेगळ्या केल्या. जिथे शब्द अडायचा तिथे ती आकार लांबवायची. दस्तगीर म्हणाला, "वहिनी, हे पूर्वीपेक्षा बरं आहे." तिनं त्याला विचारलं, "पूर्वी वाईट होतं का?" तो तंबोऱ्याच्या खुंट्या पिळायला लागला.

एकदा केंद्रातून निघता निघता ती त्या ओळीसमोर थांबली. सात नंबरची जागा रिकामी होती. बाकीचे अकरा कंठ काचेच्या मानेत मंद थरथरत होते, त्यांचा रियाज चालू होता.

"मृण्मयी, हे अकरा कोण गं?"

"नावं मला माहीत नसतात, मावशी. नियमच आहे तसा. नुसते नंबर येतात."

"मला तरी कुठे माहीत होतं? दस्तगीरभाई नसते तर मी पुण्याला जाऊन तिकीट काढून माझाच गळा ऐकला असता."

"त्यांनीही सह्या दिल्या आहेत."

"कुणी दिल्या आहेत?" हेमानं एकदा माझ्याकडे बघितलं. "त्यांनी, की त्यांच्या गार्डसाहेबांनी?"

आठवड्याभरात मृण्मयीनं पुन्हा समितीकडे अर्ज केला. रुग्णालयानं अकरा घरांना पत्रं पाठवली. त्यातले चार जण हयात नव्हते. त्यांच्यापैकी तिघांच्या मुलांनी हो म्हटलं, एकाच्या घरून काही उत्तरच आलं नाही. हयात सात जणांपैकी सहा जणांनी प्रत्यक्ष येऊन ऐकलं आणि हो म्हटलं. सातवे म्हणजे सांगलीचे अण्णासाहेब चौगुले. हळदीच्या सौद्यात तीस वर्षं बोली पुकारलेला माणूस. त्यांच्याकडे आम्ही गेलो, कारण ते येणार नाही म्हणाले होते.

त्यांनी आम्हाला ताक दिलं. मृण्मयीचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. हेमाचा कंठ हातात घेऊन उलटसुलट करून बघितला, कौतुक केलं. मग फोनवर लिहून दाखवलं.

"ताई, तुमचं बघून आनंद झाला. पण माझा आवाज गेला तेव्हा मी त्याचं सुतक धरलं. ते आता फिटलंय. मला तो परत नको, आणि लोकांनी बघायलाही नको. बंद करा."

मृण्मयी म्हणाली, "अण्णा, एकदा ऐकून तरी..."

त्यांनी हात जोडले.

केंद्रात परतल्यावर मृण्मयीनं चार नंबरच्या, म्हणजे अण्णांच्या कंठाचा द्रवपुरवठा स्वतःच्या हातानं बंद केला आणि तो थरथरायचा थांबेपर्यंत त्याच्यापाशी बसून राहिली. हेमा तिच्या शेजारी बसली. त्या दिवशी तिच्याकडे कंठ होता, तरी ती काही बोलली नाही. मग मृण्मयीनं गोठवलेला साठाही नष्ट करायला दिला, आणि तसं पत्र चौगुल्यांना पाठवलं. ज्या घरून उत्तर आलं नव्हतं, तो कंठही तिनं थांबवला.

"उत्तर नाही म्हणजे हो नाही," ती मला म्हणाली. "हे मला आधी का सुचलं नाही, गार्डकाका?"

"मलाही नऊ वर्षं लागली," मी म्हणालो.

पुण्याचं प्रदर्शन ठरल्या दिवशीच उघडलं. दालनात बारा चौथरे होते. नऊंवर कंठ होते आणि प्रत्येकाच्या खाली, ज्यांनी परवानगी दिली होती त्यांची नावं, गाव, आणि ते कोण होते ते लिहिलेलं होतं. दोन चौथरे रिकामे. त्यांच्यावर फक्त 'नको म्हणाले' आणि 'विचारता आलं नाही' एवढंच लिहिलेलं होतं. लोक त्या दोन रिकाम्या चौथऱ्यांपाशी सगळ्यात जास्त वेळ थांबत होते. एका समीक्षकानं मृण्मयीला विचारलं की ही रिकामी जागा आधीपासून आराखड्यात होती का. ती म्हणाली, "नाही. ती मला सांगलीत ताक पिताना मिळाली."

बाराव्या चौथऱ्यावर खुर्ची होती, आणि खुर्चीत हेमा. मागे दस्तगीर तंबोरा घेऊन. नवी जोडी चढवून पंचवीस दिवस झाले होते, आवाज ऐन भरात होता. तिनं चाळीस मिनिटं गायलं. पंचमावर जाताना ती रेघ आली आणि दस्तगीरनं डोळे मिटून मान हलवली. शेवटी टाळ्या एवढ्या झाल्या की हेमा गोंधळली. नऊ वर्षं आमच्या घरात टाळीचा अर्थ वेगळा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं मिरजेला निघालो. दस्तगीर मागे राहिला होता, त्याला पुण्यात तीन नव्या ऑर्डरी मिळाल्या होत्या. गाडी आपली आपण चालत होती. साताऱ्याला आम्ही इडली खाल्ली. कराड जवळ आल्यावर मी मनातलं विचारलं. ते मी महिनाभर धरून ठेवलं होतं.

"हेमा, तुझा तो साठा मृण्मयीकडे आहे. समितीनं तुला विचारलंय ना, पुढे काय करायचं ते?"

"हो. लिहून दिलंय मी."

"काय?"

"माझ्यामागे एखाद्याला गळा नसेल आणि त्याला हवा असेल, तर द्यावा. तो त्याच्या श्वासावर बोलेल, मग तो त्याचाच आवाज होईल. पण पंपावर लावायचा नाही. कुठेच नाही. कुणासाठीच नाही."

मी खिडकीबाहेर बघितलं. उसाचे ट्रॅक्टर चालले होते. "माझ्यासाठीसुद्धा नाही?" मी विचारलं. "तू आधी गेलीस तर? कोपऱ्यात ठेवला असता. संध्याकाळी पाच मिनिटं लावला असता. एवढंच."

हेमानं नळी तोंडातून काढली, पदरानं पुसली, पुन्हा धरली.

"तुमच्यासाठी तर नाहीच," ती म्हणाली. "पाच मिनिटांवर तुम्ही थांबणार नाही. त्याच्याशी बोलत बसाल. तो नुसता आ करेल आणि तुम्ही त्याला उत्तरं द्याल. जेवण गार होईल, लोक येऊन जातील, तुमचं लक्ष नसेल. ते मला नको आहे. मी गेले की गेले. तुम्ही बाहेर पडायचं, स्टेशनवर जाऊन तुमच्या त्या मित्रांमध्ये बसायचं."

मला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू? माझी सही चालणार नव्हती, माझा हट्टही चालणार नव्हता. पण तिचं म्हणणं खरं होतं. मी त्याच्याशी बोलत बसलो असतो.

"बरं," मी म्हणालो.

"बरं म्हणजे?"

"बरं म्हणजे बरं. तुझा गळा आहे."

तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मग आता बोल," मी म्हणालो.

"काय बोलू?"

"काहीही. मिरज यायला अजून सव्वा तास आहे."

"काहीही काय? ती इडली कच्ची होती, हे सांगू? तुम्ही काल दालनात तो जुना शर्ट घातलात, इस्त्रीचा बाजूला ठेवून, ते सांगू? आणि मृण्मयीचं लग्न ठरत नाहीये, तिच्या आईचा फोन आला होता मला, त्याचं तर मी तुम्हाला काहीच सांगितलेलं नाही..."

ती बोलत राहिली. कराड मागे गेलं, मग पेठ नाका, मग सांगली. मी मध्ये हं, हं करत होतो.